सणासुदीत समाजासाठी काही करायचंय? आधी विचारा, मग गोळा करा

सण जवळ आले की आपणही कुणासाठी तरी काही करावं असं खूप जणांना वाटतं. ही इच्छा खरी असते, म्हणूनच ती वाया जाताना पाहवत नाही. चुका दरवर्षी त्याच होतात. घरातली अडगळ पिशव्यांत भरून संस्थेच्या दारात ठेवली जाते. सगळे एकाच दिवशी हजर होतात आणि पुढच्या आठवड्यात कुणीच फिरकत नाही. लहान मुलांसाठी खेळण्यांचा ढीग लागतो, पण पंधरा वर्षांच्या मुलीसाठी काहीच नसतं.

या सगळ्याचं मूळ एकच आहे. काय लागतं हे विचारण्याआधीच काय द्यायचं हे आपण ठरवून टाकतो. पुढचा क्रम ती गडबड टाळण्यासाठी आहे. एखादा टप्पा तुमच्या कामाचा नसेल तर सोडा, पण दुसरा टप्पा कोणत्याही परिस्थितीत गाळू नका.

## १. आपल्याकडे देण्यासारखं काय आहे, ते लिहून काढा

कागदावर चार रकाने आखा: वेळ, पैसे, वस्तू, हातातलं कौशल्य. प्रत्येक रकान्यात नेमकं लिहा. ‘थोडा वेळ देता येईल’ या वाक्याचा समोरच्याला काही उपयोग नसतो. ‘चार शनिवार, सकाळी ९ ते १२’ असं लिहिलं की त्यावर कुणाला तरी कामाची आखणी करता येते.

कौशल्याचा रकाना लोक रिकामा सोडतात. टेम्पो चालवता येतो, हिशोब लिहिता येतो, कपडे शिवता येतात, गळका नळ दुरुस्त करता येतो, दोन भाषा बोलता येतात, ही सगळी देण्यासारखी कामं आहेत. वस्तू वाटायला उभं राहण्यासाठी माणसं सहज मिळतात. खोकी उचलायला, फोन घ्यायला, याद्या टाइप करायला आणि रात्री सभागृह झाडून घ्यायला मिळत नाहीत. तुम्ही ही कामं करायला तयार असाल तर पहिल्या फोनमध्येच तसं सांगा.

तपासा: दिलेल्या वेळेबद्दल घरच्यांशी बोललात का? ऐनवेळी रद्द झालेली मदत संस्थेला न मिळालेल्या मदतीपेक्षा महाग पडते, कारण तिच्या भरवशावर दुसऱ्या कुणाला तरी नकार दिलेला असतो.

## २. संस्था निवडा आणि फोन करा

संस्था नोंदणीकृत आहे का, तिचा पत्ता खरा आहे का, जमाखर्च मागितल्यावर दाखवते का, आणि जबाबदार व्यक्तीचं नाव सांगते का, एवढं आधी बघा. मोठं नाव म्हणजे चांगलं काम असं समीकरण मांडू नका. आपल्या भागात वर्षभर काम करणाऱ्या छोट्या संस्थेपर्यंत सणाच्या दिवसांतही फारसं कुणी पोहोचत नाही.

मग फोन करा, शक्यतो कामाच्या दिवशी सकाळी. हे प्रश्न समोर ठेवा:

- सध्या सर्वांत जास्त कशाची कमतरता आहे? साधारण किती नग लागतील?
- कोणत्या वस्तू भरपूर आल्या आहेत, अजिबात नकोत?
- कोणत्या वयोगटाला किंवा कोणत्या मापाचं कमी पडतं?
- माल कोणत्या दिवशी, किती वाजता आणायचा? उतरवून घ्यायला माणूस असेल का?
- ठेवायला जागा किती आहे?
- वस्तूंऐवजी पैसे किंवा माणसं मिळाली तर जास्त सोयीचं होईल का?

शेवटचा प्रश्न विचारायला अवघड वाटतो, पण सगळ्यांत जास्त माहिती त्याच्या उत्तरातून मिळते. संकोचापोटी अनेक संस्था ‘जे असेल ते द्या’ म्हणतात. तेवढ्यावर फोन ठेवू नका. ‘तुमच्याकडे आत्ता पाच हजार रुपये असते तर उद्या काय विकत घेतलं असतं?’ असं विचारून बघा, खरी गरज लगेच बाहेर येते.

‘आत्ता काही नको, दोन महिन्यांनी या’ असं उत्तर आलं तर वाईट वाटून घेऊ नका. माझ्या लेखी ते नेटक्या कारभाराचं लक्षण आहे. ती तारीख लिहून ठेवा आणि खरंच त्या तारखेला जा.

सावधान: मुलं, वृद्ध किंवा अपंग व्यक्तींसोबत काम करायचं असेल तर संस्था ओळखपत्र मागेल, तुमची चौकशी करेल आणि त्यात काही आठवडेही जातील. त्यावर नाराज होऊ नका. कुठलीही चौकशी न करता अनोळखी माणसाला मुलांसोबत एकटं सोडणारी संस्था असेल, तर तिच्यापासूनच लांब राहा.

## ३. तारखा सणापासून मागे मोजा

बहुतेक संकलनं इथे फसतात. लोक सणाच्या आदल्या दिवसापर्यंत वस्तू घेत राहतात. संस्थेला मात्र त्या मोजायच्या, लावायच्या, प्रत्येक घराची यादी करायची आणि पोहोचवायच्या असतात.

सणाचा दिवस धरून उलटं मोजा. सहा आठवडे आधी फोन करा. पाच आठवडे आधी जागा, वाहन आणि माणसं नक्की करा. चार आठवडे आधी आवाहन करा. दोन आठवडे आधी संकलन बंद करा, मग कितीही गळ घातली तरी घेऊ नका. नंतरचे तीन-चार दिवस वर्गीकरणाला लागतात. सणाच्या किमान एक आठवडा आधी माल संस्थेच्या हातात पडला पाहिजे.

या वेळापत्रकात आणखी एक तारीख आत्ताच घाला: सणानंतर तीन आठवड्यांनी. त्या सुमाराला स्वयंसेवक पांगलेले असतात, कपाटं रिकामी होत आलेली असतात आणि गरज होती तेवढीच असते. दोन फेऱ्यांची ताकद नसेल तर सणाआधीची फेरी सोडून नंतरची करा, असंच मी सांगेन.

उशीर झालाय, हातात आठवडाच उरलाय? मग वस्तू गोळा करण्याच्या फंदात पडू नका. पैसे द्या, रक्त द्या किंवा संस्थेनं सांगितलेल्या वेळी कामाला जा. सातवा, आठवा आणि नववा टप्पा वाचा.

## ४. आवाहन: कमी मागा, नेमकं मागा

‘गरजू मुलांसाठी सढळ हस्ते मदत करा’ असं लिहिलंत तर दारात जुने कपडे येतील. त्याऐवजी असं लिहा:

‘८ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी नवे मोजे, कोऱ्या वह्या आणि दात घासायचे नवे ब्रश हवे आहेत. शुक्रवारी संध्याकाळी ७ पर्यंत आणा. वापरलेले कपडे, औषधं आणि शिजवलेलं अन्न कृपया आणू नका.’

तीनपेक्षा जास्त प्रकार मागू नका. यादी लांबली की वर्गीकरणाचं काम आवाक्याबाहेर जातं. ‘काय आणू नका’ हे वाक्य गाळू नका, लोकांना त्याचा राग येत नाही. शेवटची तारीख आणि वेळ वेगळ्या ओळीवर लिहा.

वयाचा विचार मुद्दाम करा. पाच-सहा वर्षांच्या मुलांसाठी भेट निवडताना लोकांना आनंद होतो, म्हणून त्यांच्यासाठी खूप येतं. १३ ते १७ वयाची मुलं आणि एकटे राहणारे म्हातारे पुरुष सहसा मागे राहतात. संस्थेनं दुजोरा दिला तर आवाहन फक्त त्यांच्यासाठीच करा.

## ५. घेताना तपासा, मग वर्गीकरण करा

तपासणी दारातच व्हायला हवी. एकदा पिशवी आत आली की ती तुमची जबाबदारी होते, आणि नको असलेला माल टाकून द्यायलाही वेळ आणि पैसे लागतात. दारावर असा माणूस बसवा ज्याला गोड शब्दांत नाही म्हणता येतं. ‘तुम्ही आठवणीनं आणलंत, बरं वाटलं. पण संस्थेकडे याची सोय नाही, त्यामुळे घेता येणार नाही.’ एवढं पुरतं.

आत तीन टेबलं मांडा: चालेल, शंका आहे, नाही. शंकेचा माल दोघांनी मिळून रोजच्या रोज निकाली काढायचा. कसोटी सोपी आहे: हीच वस्तू मी माझ्या मैत्रिणीच्या मुलाला संकोच न वाटता दिली असती का?

कपडे आणि पादत्राणं. संस्थेनं वापरलेले कपडे मागितले असतील तरच घ्या. धुतलेले, कोरडे, चेन आणि बटणं शाबूत असलेले हवेत. अंतर्वस्त्रं आणि मोजे फक्त नवे. माप कागदावर लिहून कपड्याला टाचा. बूट नाडीनं एकमेकांना बांधा, नाहीतर जोडीतला एक हमखास हरवतो.

खेळणी. इथे घाई करू नका. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांतले सुटे भाग तपासायला ३१.७ मिलिमीटर व्यासाचं प्रमाणित नळकांडं वापरतात, त्यात पूर्ण मावणारा भाग घशात अडकू शकतो. ते नसेल तर टॉयलेट पेपरच्या रिकाम्या रोलमधून भाग टाकून बघा. रोल थोडा मोठा असतो, त्यामुळे चाचणी आणखी कडक होते आणि ते चांगलंच आहे. बटणासारख्या चपट्या बॅटरीचं खेळणं असेल तर बॅटरीचं झाकण स्क्रूनं बंद असलंच पाहिजे. अशी बॅटरी गिळली गेली तर दोन तासांत अन्ननलिकेला गंभीर भाजल्यासारखी इजा होऊ शकते. सुटे लोहचुंबक असलेली खेळणी सरळ बाजूला काढा.

कोरडं आणि डबाबंद अन्न. तारीख प्रत्येक पाकिटावर वाचा. ‘बेस्ट बिफोर’ची तारीख चवीबद्दल आणि दर्जाबद्दल असते, ‘यूज बाय’ची सुरक्षिततेबद्दल. ‘यूज बाय’ उलटलेलं काहीही पुढे जाऊ देऊ नका. फुगलेला, गळणारा, गंजलेला किंवा सांध्यावर चेपलेला डबा घेऊ नका, आणि आत बघायला तो उघडूही नका.

जे कधीच घ्यायचं नाही. पडलेलं किंवा अपघातातून आलेलं आहे की नाही हे माहीत नसलेलं हेल्मेट आणि गाडीतली मुलांची सीट: आतली चीर बाहेरून दिसत नाही. घरात उरलेली औषधं: जागतिक आरोग्य संघटनेची औषधदानाबद्दलची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत, रुग्णांना दिलेली आणि मग परत आलेली औषधं दान करायची नाहीत. बाळाच्या दुधाची पावडर: मनापासून आणलेली असते, पण अस्वच्छ पाण्यात कालवली गेली तर बाळाला आजारी पाडते आणि फुकट वाटल्यामुळे आईचं दूध मागे पडतं. तिचं काय करायचं हे आरोग्य कर्मचाऱ्यांनाच ठरवू द्या.

खोकी लहान घ्या, एका माणसाला सहज उचलता येतील एवढीच भरा. खोक्यात काय आहे, कोणत्या मापाचं, किती नग, हे जाड मार्करनं बाजूला लिहा. वरच्या झाकणावर लिहिलेलं, थप्पी लावली की दिसत नाही.

तपासा: खोक्यांवरचे आकडे जोडा आणि संस्थेनं मागितलेल्या आकड्याशी ताडून बघा. जास्त झालं असेल तर आत्ताच कळवा, टेम्पो भरल्यावर नको.

## ६. शिजवलेलं अन्न: मागितलं तरच

माझा सल्ला आहे की पहिल्या वर्षी यात पडू नका. जेवण देणाऱ्या ठिकाणी सणाच्या दिवशी अन्न उरतं आणि चार दिवसांनी कमी पडतं. त्यामुळे संस्थेनं दिलेल्या तारखेलाच, तिच्या स्वयंपाकघरात आणि तिच्या नियमांनी शिजवा. तुमच्या भागात परवाना लागतो का, तेही तिलाच विचारा.

गरम अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर आणि थंड ५ अंशांच्या खाली राहिलं पाहिजे. मधल्या तापमानात जंतू झपाट्यानं वाढतात, म्हणून शिजवलेलं अन्न साध्या हवेत दोन तासांपेक्षा जास्त ठेवायचं नाही. परत गरम करताना ते आतपर्यंत ७० अंशांच्या वर तापलं पाहिजे, नुसतं कोमट करून चालत नाही. दूध, अंडी, शेंगदाणे, सुका मेवा, तीळ, मासे किंवा गहू वापरला असेल तर भांड्यावर तशी चिठ्ठी लावा. ज्याला त्याची ॲलर्जी आहे, त्याला रांगेत उभं राहून विचारावं लागता कामा नये.

## ७. पैसे

नुसते पैसे देणं अनेकांना कोरडं वाटतं. पण संस्था घाऊक भावानं घेते, नेमकं घेते आणि भाडं, वीज, औषधं यांसाठीही वापरते. या गोष्टी कुणी खोक्यात भरून आणत नाही.

गटानं पैसे गोळा करत असाल तर घेणारा एक आणि नोंद करणारा दुसरा ठेवा. रक्कम त्याच दिवशी संस्थेच्या स्वतःच्या खात्यात जमा करा, कुणाच्या वैयक्तिक खात्यात नाही. प्रत्येकाला पावती द्या. ठरलेल्यापेक्षा जास्त जमलं तर त्याचं काय करायचं, हे आवाहनातच लिहून टाका.

सावधान: सणाच्या दिवसांत मदतीच्या नावाखाली फसवणूक करणारेही कामाला लागतात. ‘आत्ताच्या आत्ता पाठवा’ असा रेटा असेल तर थांबा. संदेशातल्या लिंकवर पैसे भरू नका. संस्थेचं संकेतस्थळ स्वतः शोधा किंवा दुसऱ्या टप्प्यात फोन केलेल्या व्यक्तीला विचारा.

## ८. रक्त: सगळ्यांनी एकाच दिवशी नको

सुट्ट्यांत नेहमीचे रक्तदाते बाहेरगावी असतात. अपघात, बाळंतपणं आणि कर्करोगाचे उपचार मात्र थांबत नाहीत. रक्त साठवूनही फार टिकत नाही. लाल पेशी थंड ठेवून साधारण ३५ ते ४२ दिवस चालतात, प्लेटलेट फक्त ५ ते ७ दिवस. म्हणजे मोठ्या सुट्टीच्या आधी घेतलेल्या प्लेटलेट सुट्टी संपेपर्यंत उरतीलच असं नाही.

म्हणून गटातल्या लोकांच्या तारखा वाटून घ्या: काही जण सुट्टीच्या आधी, काही मधल्या दिवसांत, काही नंतर. कोणत्या गटाचं रक्त आणि कोणता घटक कमी आहे, हे रक्तपेढीला विचारा. मागचं रक्तदान कधी केलं होतं ते आठवा. दोन रक्तदानांत पुरुषांनी किमान १२ आणि स्त्रियांनी १६ आठवडे ठेवावेत, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. तुमच्याकडचा नियम वेगळा असू शकतो, रक्तपेढी सांगेल तो पाळा. जाण्याआधी खा, भरपूर पाणी प्या आणि चालू असलेल्या औषधांची माहिती लपवू नका.

## ९. शेजारपाजारचं काम, ज्याला संस्था लागत नाही

हे काम कुठल्याच यादीत नसतं. जिन्यातल्या एकट्या आजी, आजारी नवऱ्याची रात्रंदिवस सेवा करणारी बाई, सुट्टीच्या दिवशीही कामावर जाणाऱ्या नर्स किंवा सफाई कामगार, नुकतंच घरातलं माणूस गेलेलं कुटुंब. यांतलं कुणीही मदत मागायला येणार नाही.

‘काही लागलं तर सांगा’ एवढं म्हणून परत येऊ नका. ते ऐकून कुणी काही सांगत नाही. काम, दिवस आणि वेळ तुम्हीच पुढे करा: ‘मंगळवारी संध्याकाळी पाच ते सात मी काकांजवळ थांबेन, तुम्ही बाहेरची कामं उरकून या.’ समोरच्याला फक्त हो किंवा नको एवढंच म्हणावं लागलं पाहिजे. नको म्हणाले तर आग्रह करू नका, पुढच्या आठवड्यात दुसरं काही विचारा.

एकट्या माणसाकडे जायचं असेल तर सणाचा दिवस सोडून जा. त्या दिवशी कुणी ना कुणी फोन करतं. त्यानंतरचा आठवडा फार लांब जातो. जाताना परत येण्याची तारीख सांगाल तर ती पाळाच. खात्री नसेल तर तारीख सांगू नका. वाट बघायला लावण्यापेक्षा ते बरं.

## १०. वाटपाचा दिवस

वाटप तुमच्याकडे दिलं असेल तर एकच गोष्ट मनात धरा: घेणाऱ्याला निवडता आलं पाहिजे. तयार पिशव्या हातात देण्याऐवजी टेबलांवर वस्तू मांडा, लोकांना हातात घेऊन बघू द्या, माप बदलू द्या. वेळ थोडा जास्त लागतो, पण नको असलेली वस्तू कोपऱ्यात पडून राहत नाही.

मुलांच्या भेटवस्तू बांधून देऊ नका. कागद, रिबन आणि चिकटपट्टी वेगळी द्या. आईवडिलांना आपल्या मुलासाठी निवडू द्या, घरी नेऊन बांधू द्या आणि स्वतःच्या हातानं देऊ द्या. मुलाच्या दृष्टीनं ती भेट घरच्यांकडून आलेली असावी.

रांग रस्त्यावर दिसेल अशी लावू नका, वेळा वाटून द्या. मंचावर बोलावणं आणि भाषणं पूर्ण टाळा. घेणाऱ्यांचे फोटो काढू नका. मदत हातात पडण्याच्या क्षणी विचारलेल्या परवानगीला ‘नाही’ म्हणणं कुणालाही कठीण जातं, म्हणून ती परवानगी खरी धरता येत नाही. नोंद म्हणून फोटो हवाच असेल तर खोक्यांचा आणि स्वयंसेवकांचा काढा.

तपासा: नावांची आणि पत्त्यांची यादी कुणाकडे आहे? काम संपलं की ती संस्थेला परत द्या आणि सगळ्यांच्या फोनमधून पुसून टाका.

## ११. सण संपल्यावर

उरलेला माल कुणाच्या घरी पडू देऊ नका. तो कुठे द्यायचा हे संकलन सुरू होण्याआधीच दुसऱ्या एखाद्या संस्थेशी बोलून ठरवा आणि आठवड्याच्या आत पोहोचवा. हिशोबही त्याच आठवड्यात सर्व दात्यांना पाठवा: काय आलं, किती दिलं, किती उरलं, किती टाकून द्यावं लागलं. टाकलेल्या मालाचा आकडा लपवू नका. पुढच्या वेळी लोक काय आणू नये, हे त्यावरूनच शिकतात.

मग संस्थेला पुन्हा फोन करा. कोणत्या वस्तू लगेच संपल्या, कोणत्या पडून राहिल्या आणि आमच्यामुळे तुमचं काय काम वाढलं, एवढे तीन प्रश्न विचारा. उत्तरं मूळ यादी आणि वेळापत्रकासोबत एकाच वहीत लिहा. वही गटातल्या अशा माणसाकडे द्या जो पुढच्या वर्षीही इथेच असणार आहे. तिसऱ्या टप्प्यात ठरवलेल्या दुसऱ्या फेरीचं आवाहन त्याच दिवशी पाठवून द्या.